टर्बो डिझेलचा मॅनिफोल्ड बनवायचाय? आधी तो किती वाढतो ते मोजा

तुमचं इंजिन चार सिलिंडरचं, अडीच लिटरचं, जुन्या पद्धतीच्या यांत्रिक पंपाचं डिझेल. मूळ बिडाच्या मॅनिफोल्डला, म्हणजे चारही सिलिंडरचा धूर गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याला, दोन आणि तीन नंबरच्या तोंडांमध्ये तडा गेलाय, दोनदा वेल्डिंग करूनही तो पुन्हा तिथेच फुटला. आता टर्बोही (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा) थोडा मोठा आणि वरच्या बाजूला बसवायचाय, म्हणून मॅनिफोल्ड स्वतःच बनवायचा बेत आहे: दीड मिमी जाडीचा, ३०४ प्रतीच्या स्टेनलेसचा पाइप आणि चारही नळ्या सारख्या लांबीच्या. हे चालेल का, असा तुमचा प्रश्न.

चालणार नाही. बनवाल तेव्हा देखणा दिसेल, पहिल्या आठवड्यात निळा-सोनेरी रंगही धरेल, आणि काही महिन्यांत फ्लँजच्या (हेडला किंवा टर्बोला आवळायच्या जाड पट्टीच्या) कडेला वेल्डला लागून बारीक तडा दिसेल. मी हे करून बसलोय, म्हणून सांगतो. माझा पहिला मॅनिफोल्ड अगदी असाच होता. फुटला तेव्हा मी वेल्डिंगला दोष दिला, पुन्हा वेल्ड केलं, पुन्हा फुटला. मग सगळं उतरवून बाकावर ठेवलं तेव्हा नजर स्टडकडे, म्हणजे मॅनिफोल्ड इंजिनाला आवळणाऱ्या आटेदार दांड्यांकडे, गेली. मधले चार स्टड सरळ होते. दोन्ही टोकांचे स्टड बाहेरच्या बाजूला वाकलेले, आणि फ्लँजच्या भोकाची कड त्यांच्या आट्यांवर घासून एक चकचकीत चंद्रकोर उमटलेली. तडा गेला तो वेल्डला, पण त्याआधी सगळा मॅनिफोल्ड लांब व्हायला बघत होता आणि मी त्याला दोन्ही टोकांनी घट्ट धरून ठेवलं होतं.

म्हणून पाइप कुठला, वेल्डिंग कुठलं हे नंतर. आधी हिशेब करा. पहिल्या तोंडाच्या मध्यापासून चौथ्याच्या मध्यापर्यंत अंतर ३०० मिमी धरू. भरपूर लोडवर डिझेलचा एक्झॉस्ट टर्बोच्या आधी ६५० ते ७५० अंश सेल्सियसपर्यंत जातो. पाइपचा धातू ६०० अंशांनी तापला असं मानलं तर ३०० मिमी लांबीचं साधं पोलाद सुमारे अडीच मिमी वाढतं, ३०४ स्टेनलेस सव्वातीन मिमी. मॅनिफोल्ड ज्याला आवळलेला असतो त्या इंजिनाच्या हेडमध्ये मात्र पाणी फिरतंय, ते जेमतेम ८० अंशांनी तापतं: बिडाचं असेल तर पाव मिमी वाढतं, ॲल्युमिनियमचं असेल तर अर्धा मिमी. उरलेल्या दोन-तीन मिमीचं काय करायचं? ते कुठेतरी जाणारच. जागा दिलीत तर सरकून जाईल, नाही दिलीत तर सगळ्यात कमजोर जागा शोधून तिथे फाडेल. तुमचा बिडाचा मॅनिफोल्ड दोन आणि तीनच्या मध्ये फुटला त्यामागेही हेच असावं. बिडावर घाईत केलेलं वेल्डिंग पुन्हा उघडलं यात नवल नाही, कारण ताण होता तिथेच राहिला.

मोठ्या ट्रकांच्या सहा सिलिंडर इंजिनांवर मॅनिफोल्ड बहुतेक वेळा तीन तुकड्यांत असतो, हे पाहिलं असेल. एकात एक सरकणारे सांधे आणि त्यात पिस्टन रिंगसारख्या कड्या. कारखान्यालाही जे ओतीव बिडात जमत नाही ते आपल्याला पातळ नळीत जमेल असं समजू नका.

आता सारख्या लांबीच्या नळ्यांबद्दल. ही कल्पना पेट्रोलच्या शर्यतीच्या गाड्यांकडून आलीय. तिथे इंजिन आठ-नऊ हजार फेऱ्यांवर चालतं, झडपा बराच वेळ एकाच वेळी उघड्या असतात, आणि नळीतून परत येणारी लाट सिलिंडर रिकामा करायला मदत करते. तुमचं डिझेल चार हजारांच्या आसपास थांबतं. त्या फेऱ्यांवर लाटेचा फायदा घ्यायचा तर एकेक नळी मीटरभर लांब लागेल, आणि पुढे टर्बो असल्यावर तोही हिशेब बिघडतो. उलट टर्बोला जे हवंय ते लांबीने मारलं जातं. एक्झॉस्ट झडप उघडते तेव्हा वायूचा एक जोरदार ठोका बाहेर पडतो. नळी जितकी लांब आणि रुंद, तितका तो ठोका पसरून विरतो आणि वाटेत थंडही होतो. हे काही नवं ज्ञान नाही. एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा भरण्याचं पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये घेतलं, आणि नळ्या जोडीजोडीने वेगळ्या ठेवून ठोक्यांची ताकद टर्बाइनपर्यंत (टर्बोच्या धुराकडच्या चाकापर्यंत) पोचवायची रीत १९२५ मध्ये त्यांनीच मांडली.

तुमच्या कामापुरता त्याचा अर्थ असा, की नळ्या आखूड ठेवा आणि आतला घेर हेडच्या तोंडाएवढाच ठेवा. टर्बोच्या टर्बाइन हाउसिंगला मध्ये पडदा असेल, म्हणजे दोन वेगळ्या वाटा असतील, तर १-३-४-२ या फायरिंग ऑर्डरला (सिलिंडर पेटण्याच्या क्रमाला) एक आणि चारची जोडी एका वाटेत, दोन आणि तीनची दुसऱ्या वाटेत. मग एकाच वाटेत येणाऱ्या दोन ठोक्यांमध्ये क्रँकचा पूर्ण एक फेरा मिळतो, आणि एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याच्या उघड्या झडपेत शिरत नाही. हाउसिंगला पडदा नसेल तर या जोड्यांच्या मागे फार धावू नका. एक आडवा पाइप आणि त्यात टर्बोच्या दिशेने तिरक्या उतरणाऱ्या चार आखूड नळ्या, एवढ्यावर काम उत्तम होतं. तिरक्या म्हणजे खरंच तिरक्या. काटकोनात टी जोडलात तर समोरच्या भिंतीवर वायू आपटत राहतो.

साहित्याकडे येऊ. दीड मिमीचा पातळ पाइप डोक्यातून काढून टाका. टर्बोचं सगळं वजन त्याच्यावर लोंबणार आहे, आणि डिझेलचा थरथराट पेट्रोलपेक्षा दणकट असतो. आपल्याला लागतात ते स्टीम लाइनवर वापरतात तसले जाड पाइप आणि बट-वेल्डचे तयार एल्बो. सव्वा इंची शेड्यूल ४० (पाइपच्या जाडीचा ठरलेला वर्ग) चा बाहेरचा व्यास ४२.२ मिमी, जाडी ३.५६, म्हणजे आतून ३५ मिमी. एका सिलिंडरला सहाशे-सव्वासहाशे सीसी असताना हे माप बरोबर बसतं. दीड इंची घेतलात तर आतून ४१ मिमी. मोठं दिसतं म्हणून बरं वाटतं, पण खालच्या फेऱ्यांवर टर्बो उशिरा जागा होईल. लाँग रेडियस एल्बो घ्या. सव्वा इंचीत त्याच्या मध्यरेषेची त्रिज्या ४८ मिमी असते, शॉर्ट रेडियसची ३२. जागाच नसेल तेव्हा एखाद-दुसरा शॉर्ट चालतो. पाण्याच्या लाइनचे जस्ताचा मुलामा दिलेले पाइप मात्र चुकूनही वापरू नका. वेल्ड करताना त्या जस्ताचा धूर माणसाला तापाने झोपवतो, आणि सांधाही सच्छिद्र होतो.

साधं पोलाद की स्टेनलेस? हे गाडीच्या कामावर ठरतं. रोजची मोकळी धाव असेल आणि घाट चढतानाच काय तो जोर लागत असेल, तर साध्या पोलादाचा शेड्यूल ४० पाइप वर्षानुवर्षं टिकतो. वेल्ड करायला सोपा, आणि स्टेनलेसपेक्षा कमी वाढतो. दोष एवढाच, की साडेपाचशे अंशांच्या वर सतत राहिला तर त्याचे पापुद्रे निघतात, आणि ते जातात सरळ टर्बाइनमध्ये. तासन्‌तास ओझं ओढणारी गाडी असेल किंवा जनरेटरसारखं इंजिन सतत भारावर चालत असेल, तर स्टेनलेस घ्या, पण ३२१ घ्या. साधं ३०४ हे ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात राहिलं की त्यातला क्रोमियम कार्बनशी जुळून धातूच्या कणांच्या कडांवर जमा होतो आणि त्या कडा कमजोर पडतात. आपला मॅनिफोल्ड आयुष्यभर नेमका त्याच पट्ट्यात जगतो. ३०४ एल मध्ये कार्बन कमी, ०.०३ टक्क्यांच्या आत, म्हणून वेल्डिंगपुरता तो वाचतो. ३२१ मध्ये टायटॅनियम असतं, ते कार्बनला आधीच धरून ठेवतं. स्टेनलेसची आणखी एक खोड लक्षात ठेवा: ते उष्णता साध्या पोलादाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याने वाहून नेतं. त्यामुळे एक जागा लाल आणि शेजारची काळी असं होतं, आणि ताण वाढतो.

तुमच्या जागी मी असतो तर या इंजिनाला साधं पोलाद, शेड्यूल ४०, आणि दोन्ही फ्लँज १२ मिमीच्या पट्टीतून कापले असते.

काम सुरू करताना सगळे हेडच्या फ्लँजपासून सुरुवात करतात. मी टर्बोपासून करतो. टर्बो आधी जागेवर टांगायचा, तारेने, लाकडाच्या ठोकळ्यांवर, कसाही. शाफ्ट आडवा. तेल परत जाण्याचं तोंड खाली, उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कललेलं नको, आणि तिथून इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यापर्यंत (संपापर्यंत) पाइप सलग उताराने गेला पाहिजे, कारण ते तेल दाबाने नव्हे, स्वतःच्या वजनाने उतरतं. तुम्ही टर्बो वर घेताय, त्यामुळे उतार आपोआप मिळेल, पण बॉनेटचं काय ते बघा. इंजिन माउंटिंगवर डुलतं, तेवढं अंतर सगळीकडून सोडा. डिझेलचे आणि ब्रेकचे पाइप, वायरिंग, स्टार्टर यांच्याकडे विशेष लक्ष. आणि पाना घालून बघा! एकदा मी अख्खा मॅनिफोल्ड टॅक करून (वेल्डच्या ठिपक्यांनी तात्पुरता जोडून), पूर्ण वेल्ड करून बसवायला घेतला, आणि दोन नंबरच्या खालच्या नटावर पाना अर्धा सूतही फिरेना, कारण एल्बोचं पोट नेमकं त्यावर आलेलं. शेवटी त्या एका नटासाठी पाना कापून बुटका केला. तो अजून माझ्या खोक्यात आहे, दुसऱ्या कशालाच उपयोगी पडत नाही.

फ्लँज कापताना गॅस्केटवरून छाप घ्या, पण भोकं सारखी पाडू नका. मधल्या दोन तोंडांची भोकं स्टडच्या मापाला जवळ, टोकाच्या तोंडांची लांबट किंवा तीन मिमी जादा. मग मॅनिफोल्ड मधे धरलेला राहतो आणि दोन्हीकडे दीड-दीड मिमी सरकतो. फ्लँज सुरुवातीला एकसंध ठेवा, म्हणजे चारही तोंडं एका पातळीत वेल्ड होतील. वेल्डिंग आणि तासकाम झाल्यावर तोंडांच्या मधल्या पट्ट्या करवतीने कापून टाका. फ्लँज हेडला चिकटून थोडा थंड राहतो, मागचा पाइप लाल होतो; एकसंध फ्लँज या दोघांच्या ओढाताणीत केळीसारखा वाकतो. कापलेला असेल तर प्रत्येक तोंड आपापलं बसतं. फ्लँजमधलं भोक हेडच्या तोंडापेक्षा किंचित मोठं चालेल, लहान अजिबात नको.

आता वेल्डिंग. टिगच, म्हणजे आर्गॉनच्या आडोशाला वेगळी तार देऊन केलेलं. आर्कच्या काडीने पाइपचं मूळ वेल्ड करू नका. आत स्लॅग राहतो, आणि मिगने केलंत तर आत गोळ्या चिकटतात. टर्बाइन मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. बाजरीच्या दाण्याएवढी वेल्डची गोळी सुटून गेली तर पात्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या होतात. पाइपच्या कडांना तीसेक अंशांचा उतार काढा, मधे दीड-दोन मिमी फट ठेवा, आणि मूळ आरपार उतरू द्या. वरवर भरलेल्या वेल्डच्या आत जी खाच उरते, तडा तिथूनच चालू होतो. स्टेनलेस असेल तर पाइपच्या आत आर्गॉन भरल्याशिवाय चाप (आर्क) पेटवू नका. दोन्ही टोकं फॉइल लावून बंद करा, एका बाजूने मिनिटाला चार-पाच लिटर हळूच सोडा, दुसऱ्या बाजूला बारीक भोक. नाहीतर आतल्या अंगाला काळं, दाणेदार, फुलकोबीसारखं पीक येतं. ३२१ ला ३४७ ची तार, साध्या पोलादाला ७० एस-२ किंवा एस-६, आणि स्टेनलेस पाइप साध्या फ्लँजला जोडायचा असेल तर ३०९ एल. साफ करायला क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर कधीही वापरू नका. त्याचा ओलावा राहिला आणि त्यावर चाप पेटला तर फॉसजीन तयार होतो, आणि तो जीवघेणा वायू आहे. ॲसिटोन वापरा, पूर्ण उडू द्या. स्टेनलेसचा धूरही छातीला वाईट, पंखा लावून करा.

फ्लँज २५ मिमीच्या जाड प्लेटवर, किंवा जुनं निकामी हेड असेल तर त्यावर, सगळे बोल्ट आवळून बसवा. आधी सगळीकडे टॅक, मग गाडीवर लावून परत माप, मगच पूर्ण वेल्ड. एका तोंडाचा पाव भाग केला की दुसऱ्या टोकाला जा. बारा मिमीचा फ्लँज आणि साडेतीन मिमीचा पाइप यांत फ्लँज उष्णता खाऊन टाकतो, म्हणून फ्लँज आधी शेगडीवर किंवा टॉर्चने शंभर-सव्वाशे अंश कोमट करा आणि चाप त्याच्याकडे झुकता ठेवा. संपल्यावर घाई अनावर होते, हे मला माहीत आहे. तरीही हात लावता येईल इतकं थंड होईपर्यंत एकही बोल्ट सैल करू नका. मी एकदा केला होता. फ्लँजच्या टोकाखालून फीलर गेजचं एक मिमीचं पान सहज गेलं. भट्टीची सोय असेल तर साध्या पोलादाचा मॅनिफोल्ड प्लेटवर आवळलेलाच सहाशे-साडेसहाशे अंशांवर तासभर ठेवून सावकाश थंड करा. सोय नसेल तरी चालतं. दोन्ही फ्लँज मिलिंगवर किंवा सरफेस ग्राइंडरवर सपाट करायचे मात्र चुकवू नका. सरळ पट्टी ठेवून ०.१ मिमीचं पान आत जाता कामा नये.

तापमानाच्या प्रोबचं भोक टर्बोच्या आधी, जिथे नळ्या एकत्र येतात तिथे. शेजारी अजून एक, मॅनिफोल्डमधला दाब मोजायला. दोन्ही भोकं आणि त्यांचे आटे आत्ताच पाडा. टर्बो बसल्यावर ड्रिल मारलंत तर बुरादा कुठे जाणार ते सांगायला नको. मग सगळी तोंडं बंद करून एक-सव्वा बार हवा भरा, साबणाचं पाणी फिरवा. बुडबुडा आला तर ती जागा कानशीने उघडून पुन्हा वेल्ड, वरून लेप देऊ नका.

बसवताना नायलॉनवाले लॉकनट नकोत, ते पहिल्याच चढाला वितळतील; पूर्ण धातूचे लॉकनट आणि निकेलचं ग्रीस. शक्य असेल तर स्टड लांब घ्या आणि नटाखाली नळीचा जाड तुकडा घाला. लांब स्टड थोडा ताणला जातो आणि पकड सोडत नाही. टर्बोला ब्लॉकवरून आधार द्या, बॉडीवरून किंवा चेसिसवरून नाही, कारण इंजिन डुलतं आणि बॉडी डुलत नाही. तो आधार वजन उचलेल पण आडवं सरकू देईल असा असावा: उभी पातळ पट्टी किंवा दोन्ही टोकांना गोळ्याचे सांधे असलेला रॉड. टर्बोनंतर लगेच सायलेन्सरच्या पाइपमध्ये लवचिक जाळीदार तुकडा हवाच. मी पाहिलेल्या फुटलेल्या मॅनिफोल्डांपैकी बऱ्याचशांचा खरा गुन्हेगार टर्बोनंतरचा ताठ डाउनपाइपच होता.

मॅनिफोल्डभोवती उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळायचा मोह टाळा. गॅरेजमध्ये उष्णता कमी जाणवते, पण साध्या पोलादाची त्वचा आतल्या आत जळते, आणि तेल किंवा डिझेल गळून पट्टी भिजली तर ती पेटते. शेजारच्या वस्तू वाचवायच्या असतील तर मधे हवेची फट सोडून पत्र्याचं कवच लावा. रस्त्यावरची गाडी असेल तर ईजीआरचं (थोडा धूर परत इंजिनात नेणाऱ्या वाटेचं) तोंड नव्या मॅनिफोल्डवरही ठेवा. ते बुजवलं की बहुतेक ठिकाणी गाडी प्रदूषणाच्या नियमात बसत नाही.

पहिले तीन वेळा इंजिन पूर्ण तापवा आणि पूर्ण थंड करा. प्रत्येक वेळी थंड असताना नट पुन्हा आवळा. थंड इंजिन सुरू केल्यावर छिक-छिक आवाज आला आणि तापल्यावर बंद झाला, तर फ्लँज बसलेला नाही. गॅस्केटच्या कडेने काजळीची बारीक रेघ कुठल्या तोंडापाशी आहे ते बघा. रस्त्यावर लोडमध्ये मॅनिफोल्डमधला दाब आणि टर्बोचा बूस्ट, म्हणजे तो इंजिनात भरतो त्या हवेचा दाब, एकत्र वाचा. बूस्ट एक असताना मॅनिफोल्डमधला दाब एक ते दीड, इथपर्यंत ठीक. मॅनिफोल्डमधला दाब बूस्टच्या दुप्पट जायला लागला तर टर्बाइन हाउसिंग लहान पडतंय, नळ्यांशी खेळण्यात अर्थ नाही. प्रोबचा आकडा सातशेच्या वर टिकून राहिला तर पंपाचं डिझेल कमी करा.

साधारण हजार किलोमीटरनंतर टोकाचे दोन नट काढा आणि स्टडकडे बघा. सरळ असतील आणि वॉशरखाली घासल्याची चमकदार पट्टी दिसत असेल, तर मॅनिफोल्ड सरकतोय; नट परत लावा आणि गाडी चालवा. भोकाची कड स्टडला टेकल्याची चंद्रकोर दिसली, तर ते भोक बाहेरच्या अंगाला गोल कानशीने अजून एक मिमी लांबवा.